दार लागतं का?

आक्काच्या खिडकीत येणारा वारा नोकरीला लागल्यासारखा वागत होता.

"सकाळचं आवरलं की सुटतो," आक्का म्हणाली, "आणि रात्री माझं ताट विसळून झालं की पडतो. दुपारी घटकाभर टेकतसुद्धा नाही. आणि सोमवारी येतच नाही. धाकट्या, आठवड्याची सुट्टी घेणारा वारा पाहिलायस का रे कधी?"

धाकट्या म्हणजे तिचा भाऊ. साठीला टेकलेला, डोक्याचं टक्कल उन्हात चमकणारा, अख्ख्या बाजारात बूटकाका म्हणून ओळखला जाणारा. पण आक्कानं त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे तिच्यापुरते ते अजून धाकट्याच होते.

बूटकाकांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं की काय. मागच्याच आठवड्यात ती खिडकीपाशी बसल्या बसल्या भोवळ येऊन पडली होती. डॉक्टर येऊन गेले. औषधापेक्षा यांना हवेची गरज आहे म्हणाले. खिडकी उघडी ठेवा, हवा खेळू द्या, ते जमत नसेल तर इथून दुसरीकडे हलवा. बूटकाकांचं घर होतं, पण तीन जिने चढून. आणि आक्काचे गुडघे एक जिना उतरायलाही राजी नव्हते. शिवाय ती स्वतःच हलायला तयार नव्हती.

"या खोलीत मी नवऱ्याबरोबर आले आणि त्याच्यामागंही राहिले. आता खिडकीतून दिसतं तेवढंच माझं गाव. ते सोडून कुठं जाऊ?"

पण खिडकी उघडावी तर हा वारा. भट्टीचं झाकण काढल्यासारखा अंगावर यायचा. खिडकीतल्या कुंडीत एक रोप होतं, त्याची खोलीकडची पानं हिरवी आणि बाहेरची पानं कागदासारखी करपलेली. बूटकाका ते रोप बराच वेळ बघत बसले. डोकं फिरलं असेल तर ते आक्काचं. रोपाचं कसं फिरेल?

"बघून येतो," ते म्हणाले.

आक्काची खोली त्यांच्या बुटांच्या दुकानाच्या डोक्यावरच होती. दुकानाचं तोंड बाजाराच्या रस्त्याला, आणि आक्काची खिडकी मागच्या बोळात. या बोळात बूटकाका कितीतरी वर्षांत गेले नव्हते. कशाला जातील? मागं काही विकायचं नव्हतं. कोपऱ्याला वळसा घालून ते आत शिरले आणि दाराआडून कुणी गरम श्वास सोडावा तशी हवा त्यांच्या तोंडावर आली. सांडपाण्याचे नळ, फुटक्या पेट्या, पेट्यांच्या सावलीत जीभ काढून पडलेलं मांजर. आणि भिंतीला ओळीनं टांगलेली यंत्रं. एसीचे बाहेरचे डबे. प्रत्येकाच्या जाळीमागे पंखा गरगरत होता.

आक्काच्या खिडकीखाली छज्जा होता, आणि छज्ज्याखाली, वरून दिसणार नाही असा, एक डबा. बूटकाकांनी एका पेटीवर चढून त्याच्यापुढे तळहात धरला आणि लगेच मागे घेतला.

हाच तो नोकरदार. दुकान उघडलं की सुटणारा, दुकान मिटलं की पडणारा. सोमवारी बाजार बंद, म्हणून सोमवारी सुट्टी. आक्काचं डोकं ठिकाणावर होतं. बूटकाकांना आनंद झाला आणि पाठोपाठ संताप आला.

बोळाच्या टोकाला एसीवाला शिडीवर चढून कुणाचा तरी डबा धूत होता. सगळ्या रस्त्याची यंत्रं त्याच्याच हातची.

"अरे, इकडे ये! हा कुणाचा डबा आहे रे?"

एसीवाल्यानं शिडीवरून वाकून बघितलं. "काका, मस्करी करताय?"

"मस्करी कसली? वर माझी बहीण भाजून निघतेय. तू नाव सांग, आत्ता जाऊन हजामत करतो त्याची."

"मग न्हाव्याकडे जा आणि आरशासमोर बसा," एसीवाला म्हणाला. "तुमचाच आहे."

बूटकाका पेटीवरून खाली उतरले. काही वेळ मांजराकडे बघत राहिले. मांजरानंही त्यांच्याकडे बघितलं.

"पण माझ्या दुकानात तर गार असतं," ते म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनाच ते खुळ्यासारखं वाटलं.

"म्हणून तर इकडं गरम. एसी काय गारवा बनवतो होय? आतली गरमी उचलून बाहेर टाकतो. आपला केर झाडून शेजारच्या अंगणात लोटावा, तसं."

"पण इतकी? दिवसभर?"

"दार सताड उघडं टाकून रस्ता गार करायला बसलात, तर तो बिचारा थांबणार कधी? दार लावलं तर मधूनमधून दम खाईल." एसीवाल्यानं फडका पिळला. "माझं म्हणाल तर उघडंच ठेवा. जितका जास्त राबेल तितका लवकर मोडेल, म्हणजे माझी चूल पेटती."

दुकानात गल्ल्यावर सूनबाई होती. मुलगा मालाच्या खरेदीसाठी कायम फिरतीवर, त्यामुळे दुकान खरं तर तीच चालवायची. बूटकाकांची सगळी हकिगत तिनं ऐकून घेतली.

"एवढंच ना? आत्यांच्या खोलीत एक एसी बसवून टाकू," ती म्हणाली.

तोडगा सोपा होता. बूटकाका तसेच वर गेले आणि आक्काला सांगितलं. आक्कानं विचारलं, "त्याचा डबा कुठं टांगणार?"

"खिडकीबाहेरच. दुसरी जागा कुठाय?"

"म्हणजे समोरच्या खिडकीवर फुंकणार. तिथं पोरीनं पाळणा बांधलाय." आक्कानं बोळापलीकडे बोट केलं. "माझा ताप त्या तान्ह्याच्या अंगावर? नको रे बाबा."

बूटकाका खाली आले आणि म्हणाले, "दार लावायचं."

"कुठलं?"

"आपलं. दुकानाचं."

सूनबाईनं हातातला जोड खाली ठेवला. "बाबा, तब्येत बरी आहे ना? उघड्या दारातून गार झुळूक गेली की चालत्या माणसाचे पाय आपोआप वळतात, हे तुम्हीच शिकवलंत मला. बंद दारावर कोण येतं? वसुलीवाला!"

"लावून तर बघू."

दार अडवून ठेवायला एक मोठा बूट होता. दुकानाची ओळखच ती. माणसाच्या कमरेइतका उंच, आत सिमेंट भरलेला. दोघांनी मिळून तो ढकलला. खाली हरवलेली बटणं, एक कंगवा आणि वाळून काडी झालेली पाल निघाली. मग बूटकाकांनी दाराला हात घातला.

दार हललं नाही.

त्यांनी खांदा लावला. सूनबाईनं पदर खोचून जोर लावला. दार कळवळल्यासारखं कुरकुरलं, वीतभर सरकलं आणि फरशीला घासून अडलं. बूटकाका गुडघ्यावर बसून बघायला लागले. दाराची चौकट लाकडी, मधे काच. दार बसवल्यानंतर कधीतरी दुकानात नवी फरशी घातली होती, जुन्या फरशीच्या वरच. जमीन उचलली गेली, दार होतं तिथंच राहिलं. रात्री लोखंडी शटर ओढलं की काम भागायचं, त्यामुळे हे दार लावायची वेळच कधी आली नव्हती.

"हे लागतच नाही," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं.

"लागत होतं की."

"कधी?"

बूटकाकांना काही आठवेना.

सुतार आला. त्यानं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, बुडाला रंधा मारला, बिजागऱ्यांत तेल सोडलं आणि परत चढवलं. दार लागलं तेव्हा बाहेरचा रस्ता एकदम मुका झाला. सूनबाईनं पुठ्ठ्यावर 'दुकान उघडं आहे' असं लिहून काचेला लावलं. पहिली आली ती एक बाई, दोन पोरांना घेऊन. तिनं पुठ्ठा वाचला, बंद दाराकडे बघितलं, परत पुठ्ठा वाचला आणि निघून गेली.

"गेली बघा," सूनबाई म्हणाली.

मग बूटकाका स्वतःच दारात उभे राहिले. कुणी रेंगाळलं की दार उघडून "या, या" म्हणायचे. आयुष्यात कुणी आपल्यासाठी दार उघडलेलं नाही अशी बरीच माणसं जगात असतात. ती संकोचून आत यायची आणि संकोचातच एखादा जोड घेऊन जायची. पण दिवसभर उभं राहून काकांच्या पोटऱ्या भरून आल्या.

संध्याकाळी ते वर गेले. "काही फरक?"

आक्कानं खिडकीबाहेर हात धरला. "गोधडीतला एक दोरा उसवला तर जेवढा फरक पडेल, तेवढा."

एका डब्यानं दम खाल्ला होता. पण उजवीकडे खेळणीवाल्याचा होता, डावीकडे चष्मेवाल्यांचा, त्याच्यापुढे औषधवाल्याचा. ते सगळे छाती फुगवून फुंकत होते. आणि आक्काचे ओठ सुकलेले होते. तिनं दोनदा पाणी मागितलं आणि मागितल्याचं विसरली. बूटकाकांनी पेला भरून तिच्या हातात दिला. पुढची भोवळ आली तेव्हा खोलीत कुणी नसलं तर?

दुसऱ्या दिवशी ते खेळणीवाल्याकडे गेले आणि सरळ विषय काढला. खेळणीवाला मनानं वाईट नव्हता. आक्काचं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"काका, बाकीचे लावतायत का?"

"अजून नाही."

"मग मी एकट्यानं लावून काय होतंय? सगळे लावू दे, मी लगेच लावतो. तुमची शपथ."

औषधवाल्यानंही तेच सांगितलं, फक्त शपथ आक्काची घेतली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणाची ना नव्हती. प्रत्येकाला फक्त दुसऱ्याच्या हातात ती बघायची होती.

उरले चष्मेवाले सर. त्यांना सर म्हणायचे, कारण ते रोज उंबऱ्यात उभं राहून पेपर वाचायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचे. आतल्या गार हवेनं त्यांच्या हातातला पेपर फडफडत असायचा.

"या काका! वाचलंत का? पृथ्वीला ताप चढलाय, ताप! बर्फाचे डोंगर विरघळायला लागलेत. दर उन्हाळा आधीच्या उन्हाळ्याचा बाप निघतोय. आणि लोक मात्र ढिम्म! याला जबाबदार कोण? आपण!"

"आपण म्हणजे कोण, सर?"

"आपण म्हणजे..." सरांनी हात हवेत गोल फिरवला. "मानवजात."

बूटकाकांनी त्या हाताबरोबर रस्ताभर नजर फिरवली. मानवजात कुठं दिसली नाही. खेळणीवाला दिसला, औषधवाला दिसला. दार लावा म्हणून हात जोडायचे ठरवूनच ते आले होते. पण कालपासून त्यांच्या मनात एक भुंगा घोंघावत होता, तोच आधी बाहेर पडला.

"सर, तुमचं दार लागतं का?"

"म्हणजे?"

"नाही, लावा असं म्हणत नाही मी. माझं लागत नव्हतं. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता. म्हणून म्हटलं, तुमचं लागतं का?"

सरांनी पेपराची घडी घातली. "लागतं म्हणजे? दारच आहे ते. लागणारच."

"दाखवता?"

"आत्ता? आत गिऱ्हाईक खोळंबलंय. नंतर बघू," असं म्हणून सर लगबगीनं आत गेले. आत गिऱ्हाईक नव्हतं.

सूनबाई आपल्या काचेआडून हे सगळं बघत होती. बूटकाकांनी परत येऊन मानवजातीपासून सगळं सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"बाबा, सर दचकले का हो?"

"मलाही तेच वाटलं."

"थांबा, मी सगळ्यांनाच विचारून येते," असं म्हणून तिनं चपला घातल्या. बंद दाराला तिचा विरोध होता, पण दुसऱ्याची फजिती बघायला नव्हता.

तिनं खेळणीवाल्याला विचारलं, "भाऊजी, तुमचं दार लागतं का हो? की आमच्यासारखंच तुमचंही?" त्यात जो टोमणा होता तो बरोबर जागी बसला. खेळणीवाला ताडकन उठला. "का नाही लागणार!" आणि त्यानं दार ओढलं. त्या दाराला आतल्या बाजूनं एक फळी ठोकलेली होती आणि फळीवर बाहुल्यांची रांग होती, हे तो विसरला होता. बाहुल्या धडाधड गिऱ्हाइकांच्या पायांत पडल्या आणि त्यातली एक 'आई, आई' करून रडायला लागली. रस्ता हसून लोळायचा बाकी राहिला.

औषधवाल्यानं तो आवाज ऐकून आपली अब्रू वाचवायला स्वतःच दार लावून दाखवलं. लागलं! नुसतं लागलं नाही, खटकन कडीही पडली. ती मग काही केल्या निघेना. आत औषधवाला, खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा आणि काचेला नाक लावून बघणारा अर्धा बाजार. सुतार येईपर्यंत म्हाताऱ्यानं आतल्या खुर्चीवर बसून सगळ्यांना हात केला. बाहेर आल्यावर म्हणाला, "छान गार होतं हो आत. इतकं गार नेहमी नसतं."

ते वाक्य सूनबाईनं उचललं आणि दारात रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवायला जपून ठेवलं.

त्या आठवड्यात सुतार या रस्त्यातून बाहेर पडलाच नाही. कुणाची बिजागरी गंजलेली, कुणाच्या दाराच्या चाकोरीत चिखल बसून दगड झालेला. कुणाला आपलं दार आत उघडतं की बाहेर, यावर बायकोशी पैज लावावी लागली, आणि पैज हरला तोच. लोक भेटले की "काय, कसं काय" ऐवजी "काय, लागतं का?" विचारायला लागले. आणि मेहनतीनं दुरुस्त केलेलं दार कोण उघडं टाकील? निदान दोन दिवस तरी ते लावून मिरवायला पाहिजेच. दारं लागलेली असली तरी गिऱ्हाईक येत होतं. सगळीच दारं बंद दिसल्यावर बंद दार म्हणजे बंद दुकान ही समजूत कुणाची राहणार?

सगळेच काही बदलले असं नाही. कोपऱ्यावरच्या एकानं दार लावून दाखवलं, टाळ्या घेतल्या आणि लगेच परत उघडून त्यात खुर्ची अडकवली. "लागतं हे कळलं ना? झालं तर."

राहिले सर. ते रोज काही ना काही कारण सांगायचे. शेवटी सूनबाई डोळे तपासायच्या निमित्तानं त्यांच्या दुकानात गेली. समोरच्या लांबट टेबलावर चादर अंथरलेली होती. सरांनी काचा काढायला पाठ फिरवली तशी तिनं चादरीचा कोपरा उचलला.

"सर, तुमच्या टेबलाला बिजागऱ्या कशा काय हो?"

सरांच्या हातातली काच खाली पडता पडता राहिली.

"आणि ही मूठ?"

"अहो... ते अडचण करत होतं दारात," सर खाली बसत म्हणाले. "सारखं उघडंच असायचं. म्हटलं, मग त्याचं काम काय? इथं बरं उपयोगाला आलं."

सूनबाई दुकानात येऊन पोट धरून हसली. "बाबा, मानवजातीनं दाराचं टेबल केलंय!" बूटकाकाही हसले, पण थोडंच. आपल्याच दारातल्या बुटाखालची पाल त्यांना अजून आठवत होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सरांकडे गेले, दाराचं एक टोक उचललं आणि म्हणाले, "चला, सुताराला हाक मारा. जड आहे, एकट्यानं नाही व्हायचं."

सर उठले. दुसरं टोक त्यांनी उचललं. दार चौकटीत चढलं तेव्हा त्याच्या काचेवर पेल्यांचे गोल गोल डाग तसेच होते, आणि सर ते रुमालानं बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतरची एक दुपार. ऊन दरवर्षीपेक्षा चढच होतं आणि जगाचा ताप काही उतरला नव्हता. बूटकाका आक्काच्या खोलीत बसले होते. तिनं खिडकीचं एक दार उघडलं होतं. ते सारखं मिटत होतं, म्हणून काकांनी दुकानातला जोडी हरवलेला एक लहान मुलाचा बूट आणून मधे खोवला. कुंडीतलं रोप होतं तसंच होतं. करपलेली पानं काही परत हिरवी होत नाहीत. बोळापलीकडच्या खिडकीतही पडदा बाजूला सारलेला होता आणि पाळण्याची दोरी हलताना दिसत होती.

आक्का हात बाहेर धरून बसली होती, पावसाची वाट बघत असल्यासारखी. पण वाट पावसाची नव्हती.

"गरम आहे," ती म्हणाली. "पण हात ठेवता येतोय."

खाली एक डबा घरघरत थांबला. काकांनी ओळखलं, आपला. मग उजवीकडचा थांबला. थोड्या वेळानं, खोकत खोकत, सरांचा. बोळ गप्प झाला. इतका गप्प, की खालच्या मांजराचं पाणी पिणं वर ऐकू आलं.

"अगं बाई!" आक्का कुजबुजली, कुणाची झोप मोडू नये तशी. "धाकट्या, वाऱ्याला डुलकी लागली."

दोघंही हलली नाहीत. कुठून तरी, बहुधा बोळाच्या वरून, एक साधी, कामधंदा नसलेली झुळूक आली आणि आक्काच्या पांढऱ्या केसांची एक बट हलवून गेली. तिनं डोळे मिटले. बूटकाका तिच्या छातीकडे बघत राहिले. श्वास संथ होता. डॉक्टरांनी सांगितलेली हवा ही असावी.

मग बोळाच्या टोकाकडून परत घरघर ऐकू आली. आक्कानं एक डोळा उघडला.

"तो कोण रे? तो काही झोपत नाही."

"कोपऱ्यावरचा असेल. त्यानं दारात खुर्ची अडकवलीय."

"असेल म्हणजे? बघितलंस का?"

"नाही."

"मग बघून ये की," आक्का म्हणाली आणि पाय पसरून खिडकीकडे सरकून बसली. "मी आहे इथंच. खिडकी राहू दे उघडी."